समोरच्या घरातली हेलन

पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर ओळख देणारा एक जुना खातेदार लागायचा. फॉर्मवर त्याची सही झाली की आम्ही अधिकारी निर्धास्त. हा ओळख देणारा बहुतेक वेळा शेजारीच असे. ह्यांना तुम्ही किती ओळखता, असं विचारलं की तो हसून सांगायचा, की इतकी वर्षं समोर राहतात, आणखी काय ओळखायचं राहिलं? माझंही समाधान व्हायचं. निवृत्तीनंतर हेलन क्रोगरची हकिगत वाचनात आली आणि त्या सगळ्या सह्या आठवल्या.

लंडनच्या पश्चिमेला रायस्लिप नावाचं उपनगर आहे. आखीव रस्ते, घरापुढे छोटी बाग, सकाळी गाडी पकडून कामावर जाणारी माणसं. तिथल्या क्रॅनली ड्राइव्हवर ४५ क्रमांकाच्या बैठ्या बंगल्यात पीटर आणि हेलन क्रोगर हे जोडपं राहायचं. न्यूझीलंडचा पासपोर्ट घेऊन ती दोघं १९५४ मध्ये इंग्लंडात आली होती. पीटर शांत, पुस्तकात रमणारा. जुन्या, दुर्मिळ ग्रंथांचा त्याचा व्यापार होता. हेलन मात्र मोकळी, मोठ्याने हसणारी, कुणाच्याही घरात सहज शिरणारी. समोरच्या घराशी तर तिचा फार घरोबा झाला होता.

तिचं खरं नाव लोना. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, पोलंडहून आलेल्या कष्टकरी कुटुंबात तिचा जन्म झाला. १९४१ मध्ये तिने मॉरिस कोहेनशी लग्न केलं. मॉरिस स्पेनच्या यादवी युद्धात लढून जखमी झाला होता आणि तिथेच सोव्हिएत हेरखात्याशी जोडला गेला होता. लग्नानंतर लोनाही त्या कामात उतरली. १९४५ मध्ये ती न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कला गेली आणि थिओडोर हॉल या तरुण शास्त्रज्ञाकडून अणुबाँबविषयीचे कागद घेऊन परतली. स्टेशनवर तपासणी सुरू होती. तिने कागद कागदी रुमालांच्या खोक्यात दडवले आणि पर्समधलं तिकीट शोधायच्या बहाण्याने ते खोकं तपासनिसाच्याच हाती दिलं, असं सांगतात.

१९५० मध्ये ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग यांना अटक झाली. त्याच सुमारास कोहेन पतिपत्नी न्यूयॉर्कमधून नाहीशी झाली. रोझेनबर्ग दांपत्याला १९५३ मध्ये मृत्युदंड मिळाला. पुढच्याच वर्षी क्रोगर हे नवं नाव घेऊन ही दोघं लंडनला आली. हेरकथांत नवराबायकोचं नातं सोंग असतं. इथे नाव खोटं, पासपोर्ट खोटा, पूर्वायुष्य खोटं. संसार मात्र खरा होता.

आता समोरच्या घराकडे वळू. पोर्टलंडच्या नौदल संशोधन केंद्रातून पाणबुड्यांविषयीची गुपितं बाहेर जात होती. ती नेणाऱ्या गॉर्डन लॉन्सडेलचा माग काढत ब्रिटिश गुप्तचर क्रोगरांच्या दारापर्यंत पोहोचले. १९६० च्या नोव्हेंबरात त्यांनी समोरच्या कुटुंबाकडे वरच्या मजल्यावरची खोली मागितली. खिडकीत पाळत बसली. खाली हेलन नेहमीसारखी यायची, गप्पा मारायची आणि घरच्या बाईला चेहऱ्यावर काहीही न दाखवता तिला चहा द्यावा लागायचा. हे दोन महिने चाललं. हेलनने वर्षानुवर्षं जे केलं, ते त्या साध्या गृहिणीला मैत्रिणीशीच करावं लागलं. पुढे याच पेचावर ह्यू व्हाइटमोर यांनी ‘पॅक ऑफ लाइज’ हे नाटक लिहिलं.

७ जानेवारी १९६१, शनिवार. लॉन्सडेलला लंडनमध्ये पकडलं आणि संध्याकाळी पोलीस क्रोगरांच्या दारात आले. निघण्यापूर्वी हेलनने बॉयलरमध्ये कोळसा घालून येऊ का, असं विचारलं. किती घरगुती विनंती! अधिकाऱ्याने आधी तिची पर्स पाहिली. तीत लॉन्सडेलचं त्याच्या रशियातल्या बायकोला लिहिलेलं पत्र निघालं. सोबत मायक्रोडॉट होते, म्हणजे टिंबाएवढी केलेली छायाचित्रं. टेबलावरच्या सिगारेट-लायटरच्या पोटात सांकेतिक आकड्यांचे कागद होते. अनेक दिवस झडती चालली, तेव्हा स्वयंपाकघराच्या जमिनीखाली रेडिओ-ट्रान्समीटर सापडला.

दोघांनी तोंड उघडलं नाही. बोटांच्या ठशांवरून अमेरिकेने त्यांना ओळखलं. बँकेत सहीची नक्कल करणारे मी पाहिले आहेत. अंगठ्याची नक्कल करणारा पाहिला नाही. प्रत्येकी २० वर्षांची शिक्षा झाली आणि तुरुंग वेगवेगळे मिळाले. रशियात कैदेत असलेल्या जेराल्ड ब्रूक या इंग्रज अध्यापकाच्या बदल्यात ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. हेलन १९९२ मध्ये मॉस्कोत वारली, पीटर १९९५ मध्ये. रशियाने दोघांनाही मरणोत्तर वीरपद दिलं. ज्या सोव्हिएत संघासाठी तिने सगळं केलं, तो तिच्या आधी वर्षभर संपला होता.

ती देशद्रोही की ध्येयवेडी, याचा निवाडा करणारे पुष्कळ आहेत. मला प्रश्न पडतो तो समोरच्या घराचा. तिथे बसून हेलन हसायची, तेही खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. ज्या बाईला माहेर, देश आणि स्वतःचं नावही मागे टाकावं लागलं, तिला चहाच्या कपाभोवतीची ती ऊब हवीच असणार. पण तिने जे मागितलं ते खरं आणि जे दिलं ते खोट्या नावावर. त्या शेजारणीने मात्र स्वतःचं नाव, घर, माया सगळं खरंच पुढे केलं होतं. हेरगिरीची शिक्षा कोर्टाने मोजून दिली. या दुसऱ्या गुन्ह्याची नोंद कुठल्याच आरोपपत्रात नव्हती.

तरीही, आज कुणी शेजाऱ्यासाठी ओळखीची सही मागितली, तर मी ती करीन. समोरच्या दारावर विश्वासच ठेवायचा नाही असं ठरवलं, तर मग गल्लीत राहायचं तरी कशाला?