गांधीजींचे ताट : काय टिकले, काय सुटले

गांधीजी म्हटले की चरखा, पंचा आणि बकरीचे दूध डोळ्यांपुढे येते. यातले बकरीचे दूध ही काही त्यांची आवड नव्हती. एक फसलेला आहारप्रयोग आणि जिवावर बेतलेले दुखणे यांतून ते त्यांच्या ताटात आले. आहार आणि घरगुती उपचार यांचे प्रयोग गांधीजींनी जवळजवळ साठ वर्षे स्वतःवर केले. काही उत्तम साधले, काही अंगाशी आले. व्हीगन आहार, कच्चे अन्न, निसर्गोपचार यांची चर्चा आज घरोघरी चालते. अशा वेळी त्यांचा हा प्रवास नीट पाहण्यासारखा आहे.

त्यांचा जन्म 1869 साली पोरबंदरच्या वैष्णव घरातला. मांस घरात वर्ज्य. शाळकरी वयात एका मित्राच्या नादाने त्यांनी ते चोरून खाऊन पाहिले. इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत, अशी तेव्हाची समजूत. पण आईवडिलांशी खोटे बोलणे सोसेना, म्हणून त्यांनी ते सोडले. 1888 मध्ये विलायतेला निघताना मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही, असे वचन त्यांनी आई पुतळीबाईंना दिले.

लंडनमध्ये या वचनाने त्यांना अर्धपोटी ठेवले. मिठामसाल्याशिवाय उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरत नसत, आणि घरमालकिणीकडे पाव जास्त मागायचा संकोच वाटे. हिंडता हिंडता फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. तिथेच एक शिलिंग देऊन हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक त्यांनी विकत घेतले. तोवर ते वचनामुळे शाकाहारी होते, ते वाचल्यावर विचाराने शाकाहारी झाले. पुढे एक खोली घेऊन, स्टोव्ह आणून सकाळ-संध्याकाळचे खाणे ते स्वतः करू लागले. ओटची लापशी, कोको, पाव असा साधा बेत असे. मसाले सुटले. खर्च वाचावा म्हणून रोज आठ-दहा मैल चालणे सुरू झाले. चालण्याची ही सवय जन्मभर राहिली आणि त्यांच्या आरोग्याचा तो सर्वांत भक्कम आधार ठरला.

1893 मध्ये प्रिटोरियात त्यांनी पहिला मोठा प्रयोग केला. काहीच शिजवायचे नाही. भिजवलेले धान्य, फळे, सुका मेवा एवढेच खायचे. रोज काय खाल्ले आणि कसे वाटले, हे ते लिहून ठेवत. थोड्याच दिवसांत अशक्तपणा आला आणि त्यांनी प्रयोग थांबवला. मग फसल्याची ती सगळी हकिकत लंडनच्या शाकाहारी नियतकालिकात छापायला पाठवली. फसलेला प्रयोग लपवायचा नाही, हा त्यांचा नियम तेव्हापासूनचा.

जोहान्सबर्गच्या घरात आहाराला शिस्त आली. सात पौंड देऊन त्यांनी हाताने फिरवायचे मोठे जाते आणले. घरातले पुरुष आणि मुले मिळून दळण दळीत. कोंड्यासकट पिठाची भाकरी घरीच होई. मुलांना त्यात मजा वाटे आणि व्यायामही घडे. लुई कूने आणि अडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकेही त्यांनी वाचली. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी त्यांना फार सतावत असे. त्यावर त्यांनी सकाळचे खाणे बंद करून पाहिले आणि पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधली. गुण आला असे त्यांना वाटले. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने त्यात कोंड्याचे पीठ, फळे आणि चालणे यांचा वाटा मोठा असणार. मातीच्या गारव्याने बरे वाटते, पण तिने आतडी हलतात असा पुरावा नाही.

1902 मध्ये गिरगावातल्या बिऱ्हाडी दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, त्यात न्यूमोनिया. रात्री मुलगा बरळू लागला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप द्यायला सांगितले. गांधीजींनी ते नाकारले, मात्र नाडी आणि छाती तपासायला येत राहा, अशी विनंती केली. तीन दिवस पाणी घातलेला संत्र्याचा रस, कटिस्नान, आणि ताप 104 वर गेल्यावर ओल्या चादरीत गुंडाळणे, एवढाच उपचार झाला. अंगाला घाम फुटला आणि ताप उतरला. मुलगा वाचला. पुढे आत्मकथेत गांधीजींनी यशाचा दावा केला नाही. मुलगा देवकृपेने, पाण्याच्या उपचाराने की पथ्याने आणि शुश्रूषेने बरा झाला, हा प्रश्न त्यांनी मोकळा सोडला. त्या काळी विषमज्वरावर नेमके औषधच नव्हते. द्रव पदार्थ आणि शुश्रूषा हाच मुख्य उपचार होता, आणि तो त्यांनी मनापासून केला. प्रभावी प्रतिजैविक आले ते 1948 च्या सुमारास. आज ते हाताशी असताना ओल्या चादरीवर थांबणे म्हणजे आतडे फाटण्याचा धोका पत्करणे होय.

1912 मध्ये टॉलस्टॉय फार्मवर मित्र कॅलनबाख यांच्यासोबत त्यांनी दूध सोडले. दुधाने विकार वाढतात ही समजूत एक कारण होती. गाईम्हशींकडून शेवटचा थेंब काढण्यासाठी केला जाणारा ‘फुंका’ नावाचा क्रूर प्रकार, हे दुसरे. मग कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल हे जेवण झाले. 1914 मध्ये लंडनला त्यांच्या फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली. आजारी गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा तिथेच होते. डॉक्टर सांगतात ते खा, असा त्यांनी फार आग्रह धरला. ज्यांना गांधीजी गुरू मानीत त्यांचेही त्यांनी याबाबतीत ऐकले नाही.

याची किंमत 1918 मध्ये चुकवावी लागली. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी ते गावोगाव पायी फिरत होते. शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू हा मुख्य आहार. त्यात आव पडू लागली. औषध घ्यायचे नाही, दूध घ्यायचे नाही. शरीर इतके झिजले की त्यांनी मरणाची तयारी केली. हवापालटासाठी माथेरानला नेले, तेही मानवले नाही. अखेर मुंबईत डॉ. दलाल यांनी तपासून स्पष्ट सांगितले की दुधाशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गांधीजींनी व्रताची अडचण सांगितली. व्रतामागे गाईम्हशींचा छळ आहे हे ऐकून खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारले, मग बकरीचे दूध का चालू नये? डॉक्टरांनी तो धागा पकडला आणि गांधीजींनी मान्य केले. व्रताचे शब्द राखले, पण त्याचा आत्मा राखला नाही, ही बोच त्यांना कायम राहिली. मात्र शक्ती परत आली. वर्षांनुवर्षांचा तिढा घरच्या बाईने एका प्रश्नाने सोडवला.

डॉक्टरांचे ऐकण्याची पुढची वेळ पुण्यात आली. जानेवारी 1924 मध्ये येरवडा तुरुंगात त्यांच्या पोटात तीव्र कळा सुरू झाल्या. निदान झाले अपेंडिक्सचे. त्यांना ससून रुग्णालयात हलवले आणि 12 जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. संमतिपत्रावर त्यांनी स्वतः सही केली होती. आधुनिक वैद्यकावर 1909 मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये कडक टीका करणाऱ्या माणसाने ज्या सरकारशी लढा होता, त्याच सरकारच्या शल्यविशारदापुढे पोट उघडे केले. अपेंडिक्स फुटू लागल्यावर मातीची पट्टी कामाची नाही, एवढे त्यांनी ओळखले.

तरी प्रयोग थांबले नव्हते. 1929 मध्ये साबरमतीला न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग पुन्हा झाला, या वेळी सहकाऱ्यांसह. मोड आलेले गहू आणि हरभरे, वाटलेली पाने, लिंबू, मध. पदार्थ तोळ्यांत मोजून घ्यायचे. ‘यंग इंडिया’त त्यांनी सगळा तपशील छापला आणि जाणकारांची मते मागवली. काही महिन्यांत पोट बिघडले, पुन्हा आव झाली, आणि प्रयोग बंद केल्याचेही त्यांनी कळवले. मोड आलेले कडधान्य चांगलेच, पण जेवणात एक वाटी. सगळे जेवणच कच्चे केले तर आतडी पेलत नाहीत. शिवाय पाण्यातून आणि पाल्यातून येणारे जंतू शिजवल्यानेच मरतात.

सर्वांत टिकाऊ काम वर्ध्याला झाले. डिसेंबर 1934 मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. गरिबाच्या ताटात कमी पैशांत पोषण कसे जाईल, हा आता प्रश्न होता. ‘हरिजन’मधून हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाण्याचे तेल, गूळ आणि रानोमाळ उगवणारा पाला यांवर लेख येऊ लागले. 1935 मध्ये मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीनही रांधून पाहिले. यातले बरेच आज विज्ञानाला मान्य आहे. फार सडलेल्या तांदळातून ब-1 जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते. पालेभाज्यांतून लोह, फोलेट आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा कच्चा माल मिळतो. डाळ आणि धान्य एकत्र खाल्ले की दोघांच्या प्रथिनांतली उणीव भरून निघते. गुळाबद्दल मात्र सावध राहावे. मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच जातो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. देवीच्या लशीला गांधीजींचा विरोध होता. 1930 मध्ये, दांडीयात्रेच्या तोंडावर, आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. त्यांना फार दुःख झाले, तरी मत बदलले नाही. ज्या रोगाने ती मुले गेली, तो पुढे लसीकरणानेच जगातून नाहीसा झाला. 1944 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. मुलगा देवदास यांनी पेनिसिलिन मिळवले. ते काही तासांच्या अंतराने टोचावे लागेल हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. 22 फेब्रुवारीला बा गेल्या. त्यांचे हृदय आधीच थकले होते, त्यामुळे औषधाने त्या वाचल्या असत्या असे म्हणता येत नाही. पण नकाराचा प्रसंग आजही मनाला टोचतो.

स्वतः गांधीजींचा रक्तदाब 1940 मध्ये 220/110 नोंदला गेला. मिताहारी, सडपातळ, रोज चालणाऱ्या शाकाहारी माणसाचा हा आकडा आहे. त्या काळी विश्रांती, मौन आणि पथ्य यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते. आज स्वस्त गोळ्या सरकारी रुग्णालयात मिळतात. जेवण साधे आहे म्हणून दाब मोजायचाच नाही, हे धोक्याचे.

मार्च 1946 मध्ये ते उरुळी कांचनला आठवडाभर राहिले. निसर्गोपचार पुण्यातल्या श्रीमंतांपुरता न राहता खेड्यात जावा, हा हेतू. सूर्यस्नान, कटिस्नान, साधा आहार आणि गावाची सफाई असा तो उपचार होता. मणिभाई देसाईंनी पुढे नेलेला आश्रम आजही तिथे आहे.

दुधाला वनस्पतीतून पर्याय शोधण्याची त्यांची धडपड संपली नव्हती. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात 1942 मध्ये लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात त्यांनी मान्य केले की आपल्या अनुभवात दूध टाळता आले नाही, आणि तसा पर्याय शोधण्याचे काम त्यांनी पुढच्यांवर सोपवले. 30 जानेवारी 1948 रोजी त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी ब-12 हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळे काढले. ते जंतू तयार करतात, वनस्पती करीत नाहीत. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळते. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो. म्हणून दूधही सोडणाऱ्याला सुरुवातीला काही जाणवत नाही. मग पायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा आणि रक्तक्षय अशी लक्षणे दिसू लागतात.

म्हणून जे संपूर्ण वनस्पतीजन्य आहार घेतात त्यांनी ब-12 ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावी. गर्भवती आणि स्तनदा मातांनी तर ती चुकवू नयेच. जंतूंपासून बनणाऱ्या या गोळीला जनावराचे दूध लागत नाही. जो पर्याय गांधीजी तीस वर्षांहून अधिक काळ शोधत होते, तो आज औषधाच्या दुकानात मिळतो.