श्रीभास्कराचार्य आणि चापाची दोरी

वर्तुळाचा तुकडा सरळ पट्टीने मोजता येत नाही. सूर्यचंद्र मात्र आकाशात गोल मार्गावरूनच चालताना दिसतात, आणि ती चाल मोजल्यावाचून तिथी ठरत नाही, की ग्रहणाची वेळ कळत नाही. हे मापन ज्यांनी आपल्या देशात फार पुढे नेले, त्या भास्कराचार्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनी नमूद केले आहे. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत.

आपल्या पूर्वाचार्यांनी वर्तुळाच्या तुकड्याला चाप, म्हणजे धनुष्य, म्हटले. त्याची टोके जोडणाऱ्या रेषेला ज्या, म्हणजे दोरी. धनुष्य वाकडे असले तरी दोरी सरळ असते, आणि दोरीवरून धनुष्याचे माप काढता येते. गणितात ही दोरी अर्धीच घेतात. वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या कला ६०. म्हणून परीघ २१,६०० कलांचा, आणि त्याच मापाने त्रिज्या सुमारे ३,४३८ कलांची. पूर्वीच्या कोष्टकांत पाव वर्तुळाचे २४ भाग करून दर २२५ कलांना एक ज्या दिलेली असे. मधल्या चापासाठी बहुधा त्रैराशिकावर भागवीत.

भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ति’ प्रकरणात दोन चापांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याची रीत दिली, आणि एकेक अंशाने पुढे जात ९० ज्या कशा साधाव्या, हे दाखविले. त्रिज्येचे ५७३ भाग केले असता त्यांतील १० ही एका अंशाची ज्या, असे त्यांनी धरले. आजच्या गणिताशी हे माप दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत जुळते. लीलावतीतील सप्तभुजाच्या बाजूचे माप मात्र थोडे चुकले आहे. १,२०,००० व्यासाच्या वर्तुळात ती बाजू ५२,०६६ यावयास हवी. तेथे ५२,०५५ आहे. थोरांचे गणितही पडताळूनच घ्यावे, हाच त्यांच्या शास्त्राचा धर्म होय.

आकाशाचे वेध घेण्याची अनेक यंत्रे त्यांनी वर्णिली, फलकयंत्र तर स्वतः योजिले. परंतु सर्वांत श्रेष्ठ यंत्र त्यांनी बुद्धी हेच मानले. हातात नुसती काठी असली, तरी बुद्धिमान मनुष्य दुरून वेळूची उंची सांगू शकतो, असा त्यांचा आशय आहे. इ. स. ११८३ मध्ये, उतारवयात, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादवराजा जैत्रपालाच्या पदरी होते. नातू चांगदेव हे सिंघणाचे ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चांगदेवांनी खानदेशात, चाळीसगावाजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. त्याला इ. स. १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख तेथे आढळला, आणि त्याचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राजाला मिळणारा हक्क मठाला दिला, आणि तेथील प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला लावून दिले, असे त्यात कोरलेले आहे.

वाचकांनी या पळीभर तेलाकडे अवश्य लक्ष द्यावे. चाप आणि ज्या यांचे ज्ञान एका पुरुषाच्या प्रतिभेतून उजळले खरे. परंतु त्याचे शिक्षण चालू राहावे म्हणून ज्यांना ज्येचा अर्थही ठाऊक नसेल, अशा तेल्यांचा व बाजारकऱ्यांचा वाटा लागला.

पाटणच्या डोंगरांचे पाणी गिरणेवाटे तापीला मिळते, आणि तापी सुरतेस येते. तीच वाट धरून खानदेशातील पुष्कळ कुटुंबे आमच्या नवागामात येऊन वसली आहेत. त्यांच्या मुलांच्या दप्तरात आज कंपासपेटी असते आणि तीत कोनमापक असतो. त्या अर्धवर्तुळावरील १८० रेघा ती मुले केवळ पाठ करतात, की समजून घेतात, हे पाहणे आपणां सर्वांचे काम आहे. पाटणच्या घाणेवाल्याने आपली पळी दिली. आपणही आपली द्यावी.