शिवराम कश्यप

शिवराम कश्यप (६ नोव्हेंबर १८८२ – २६ नोव्हेंबर १९३४) हे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ होते. यकृतका या शेवाळी गटातील वनस्पतींवरील संशोधनामुळे त्यांना भारतीय शेवाळीविज्ञानाचे जनक मानले जाते.

जीवन
कश्यप यांचा जन्म झेलम (आता पाकिस्तानात) येथे झाला. आग्रा येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ वैद्यकीय नोकरी केली. पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळून त्यांनी पंजाब विद्यापीठाच्या पदव्या संपादन केल्या. केंब्रिज येथील अध्ययनानंतर ते लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

संशोधन
यकृतका ओलसर खडक, माती व झाडांच्या सालींवर वाढतात. काहींचे शरीर चपट्या कायकाच्या स्वरूपाचे असते. पर्णयुक्त यकृतकांत मात्र नाजूक खोडावर पानांच्या दोन पार्श्व ओळी आणि बहुधा खालच्या अंगास लहान पानांची तिसरी ओळ असते. यांच्या असंख्य जाती उष्ण प्रदेशात आढळतात. जाती ओळखताना पानांची परस्परव्याप्ती, त्यांचे खंड आणि पेशींतील तैलपिंड पाहावे लागतात. वाळलेल्या नमुन्यांत तैलपिंड बहुधा नाहीसे होतात; त्यामुळे जिवंत वनस्पतीचे निरीक्षण महत्त्वाचे ठरते. कश्यप यांनी हिमालयात व तिबेटात प्रवास करून वनस्पती त्यांच्या मूळ अधिवासात अभ्यासल्या. १९१४-१५ मध्ये त्यांनी एचिसोनिएला, स्टीफन्सोनिएला व स्यूअर्डिएला या नव्या प्रजातींची वर्णने प्रसिद्ध केली.

ऱ्हासाचा सिद्धांत
साध्या कायकापासून गुंतागुंतीचे कायक विकसित झाले, असे मत तेव्हा प्रचलित होते. कश्यप यांनी उलट क्रम मांडला. हिमालयातील मधल्या अवस्थांचे प्रकार पाहून, साधी रचना ही गुंतागुंतीच्या रचनेच्या ऱ्हासातून आली असावी, असे त्यांनी प्रतिपादिले. यकृतकांच्या उत्क्रांतीची दिशा ठरवणारा हा प्रश्न पुढेही वादाचा राहिला.

ग्रंथ व सन्मान
पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरील त्यांचा ग्रंथ दोन भागांत (१९२९, १९३२) प्रसिद्ध झाला; दुसऱ्या भागाचे सहलेखक आर. एस. चोप्रा होते. भारतीय वनस्पतिशास्त्र संस्थेच्या (१९२०) संस्थापकांत त्यांचा समावेश होता. १९३२ च्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लाहोर जिल्ह्यातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाला.