रेड क्लाउड : जिंकलेल्या तहाची शोकांतिका

अमेरिकेत गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणि त्यांच्या वारसांनी तेथील मूलनिवासी जमातींशी शेकडो तह केले. त्यांपैकी अनेक तह बलवंताने दुर्बलावर लादलेले होते. १८६८ सालचा फोर्ट लॅरामीचा तह मात्र वेगळा म्हणावा लागेल. त्यासाठी अमेरिकी सरकारला आपले किल्ले सोडून माघार घ्यावी लागली. ही माघार घ्यायला लावणारा पुरुष म्हणजे ओगलाला लाकोटा जमातीचा नेता रेड क्लाउड. रणांगणावर मिळवलेले कागदावर कसे गमवावे लागते, हे त्याच्या उत्तरायुष्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

रेड क्लाउडचा जन्म १८२२ च्या सुमारास प्लॅट नदीच्या परिसरात झाला. वडील लवकर निवर्तल्याने तो आजोळच्या आप्तांमध्ये वाढला. नेतृत्व त्याला वारशाने लाभले नाही. ते त्याने पराक्रमाने मिळवले. मोंटानात सोने सापडल्यावर तिकडे जाणारी बोझमन वाट लाकोटांच्या शिकारीच्या मुलखातून जाऊ लागली. १८६६ च्या जूनमध्ये या वाटेसाठी लॅरामी येथे वाटाघाटी चालू असतानाच किल्ले बांधण्यासाठी फौज येऊन दाखल झाली. संमती मागायची आणि त्याच वेळी सैन्य धाडायचे, हा दुटप्पीपणा ओळखून रेड क्लाउड बैठक सोडून निघून गेला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला फोर्ट फिल कर्नीजवळ कॅप्टन फेटरमनची ८१ जणांची तुकडी पूर्णपणे कापली गेली. दोन वर्षांच्या संघर्षानंतर सरकारने किल्ले रिकामे केले. ते रिकामे झाल्याखेरीज रेड क्लाउडने तहावर निशाणी केली नाही. ती त्याने नोव्हेंबर १८६८ मध्ये केली.

या तहाने ब्लॅक हिल्ससह मिसूरी नदीच्या पश्चिमेचा विस्तीर्ण प्रदेश सू लोकांसाठी राखून ठेवला. जमातीतील तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांवाचून त्यातील जमीन पुढे कोणालाही देता येणार नव्हती. परंतु १८७० मध्ये वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटल्यावर, आपल्याला समजावून सांगितलेला तह आणि प्रत्यक्षात लिहिलेला तह एक नव्हेत, हे रेड क्लाउडच्या ध्यानी आले. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने मूलनिवासींशी नवे तह करण्याची प्रथाच बंद केली.

१८७४ मध्ये कस्टरच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोने असल्याची वार्ता आणली आणि तहाचे भवितव्य ठरून गेले. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत रेड क्लाउड उतरला नाही. गोऱ्यांचे संख्याबळ त्याने स्वतः पाहिले होते. पण त्याचा संयम कामी आला नाही. जमीन सोडा, नाहीतर शिधा बंद, अशी अट काँग्रेसने घातली. उपासमार समोर दिसत असताना रेड क्लाउडसह काही प्रमुखांनी नव्या करारावर निशाणी केली. सह्या जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या झाल्या. तरीही १८७७ च्या कायद्याने ब्लॅक हिल्स हिरावून घेतले गेले.

ही निशाणी त्याच्या चरित्रावरील डाग मानणारे त्याच्याच लोकांत होते. तथापि, उपाशी मुलांचा भार ज्याच्या शिरावर असतो, त्याला केवळ स्वतःच्या कीर्तीचा विचार करून चालत नाही. रेड क्लाउडने त्यानंतर शस्त्र उचलले नाही; पण तो मुकाट्यानेही बसला नाही. भ्रष्ट एजंटांविरुद्ध त्याने तक्रारी केल्या, १८८९ च्या जमीनवाटपाला विरोध केला आणि मुलांच्या शिक्षणासाठी जेझुइट धर्मगुरूंना बोलावून घेतले. १० डिसेंबर १९०९ रोजी पाइन रिज येथे त्याचे निधन झाले.

त्याच्यानंतर ७१ वर्षांनी, १९८० मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्स घेताना न्याय्य मोबदला दिला गेला नव्हता असे मान्य करून व्याजासह भरपाई मंजूर केली. सू लोकांनी ती स्वीकारली नाही. ती रक्कम आजही सरकारी खात्यात वाढते आहे. त्यांना पैसा नको, भूमी हवी आहे. ज्या मागणीसाठी रेड क्लाउड लढला, ती मागणी पैशाने मिटत नाही, हे अमेरिकेने अद्याप ध्यानी घ्यावयाचे आहे.