वासुदेव बळवंत फडके : सरकारी दप्तरातील कुटुंबजीवन

वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्यांचे शिरढोण हे गाव कोनप्रमाणेच पनवेल तालुक्यातील. पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात ते कारकून झाले. मातोश्री अत्यवस्थ असता रजा वेळेवर मिळाली नाही आणि अखेरची भेट हुकली. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांनी गोपिकाबाईंशी विवाह केला व त्यांना लिहावाचावयास शिकविले.

१८७९ च्या फेब्रुवारीत फडके यांनी रामोशांना संघटित करून बंड उभारले. २० जुलै १८७९ रोजी देवर नावदगी येथे ते पकडले गेले. त्यांचे आत्मवृत्त व रोजनिशी सरकारच्या हाती पडली आणि पुण्यातील खटल्यात तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. जन्मठेप भोगत असता १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथे त्यांचे निधन झाले.

मातृवियोगाची नोंद टिकली ती घरच्या कागदांत नव्हे, तर आरोपीच्या दप्तरात. मुंबई शासनाने १९५७ मध्ये स्वातंत्र्यचळवळीच्या साधनखंडात हे आत्मवृत्त छापले, तेही इंग्रजी भाषांतरात. म्हणून चरित्रकाराने दुहेरी सावधगिरी बाळगणे अगत्याचे ठरते. मूळ मराठी शब्दांना येथे भाषांतरकाराचा पडदा आहे. शिवाय नाकारलेल्या रजेतच बंडाचे मूळ शोधले, तर १८७६-७७ च्या दुष्काळाने पेटविलेला त्यांचा लोकाभिमुख संताप दुर्लक्षित राहतो. घरचे दुःख आणि दुष्काळ यांची सांगड घातल्यावरच हे चरित्र पूर्ण होते.