रूडोल्फ फिरखो

रूडोल्फ फिरखो (१३ ऑक्टोबर १८२१ – ५ सप्टेंबर १९०२) हे जर्मन वैद्य, विकृतिवैज्ञानिक, मानवशास्त्रज्ञ व राजकारणी होते. रोगाचे मूळ पेशींतील बिघाडात शोधावे, हा विचार त्यांनी वैद्यकात रुजवला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

जीवन

त्यांचा जन्म प्रशियातील शिव्हेलबाइन (आता पोलंडमध्ये) येथे झाला. १८४३ मध्ये बर्लिन येथे वैद्यकाची पदवी मिळवून ते शारिते रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम करू लागले. १८४८ मध्ये सरकारने त्यांना टायफसची साथ पाहण्यासाठी अपर सायलीशियात पाठवले. दारिद्र्य, उपासमार व अज्ञान ही साथीची कारणे असून शिक्षण, स्वराज्य व करकपात हे तिच्यावरील उपाय आहेत, असा अहवाल त्यांनी दिला. त्याच वर्षीच्या क्रांतीत ते सहभागी झाले. त्यामुळे त्यांच्या पदावर गदा आली आणि १८४९ मध्ये ते व्युर्ट्सबुर्क विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. १८५६ मध्ये ते बर्लिनला सन्मानाने परतले. पुढे प्रशियाच्या विधिमंडळात त्यांनी बिस्मार्क यांना विरोध केला. बर्लिनच्या सांडपाणी योजनेसाठीही ते झटले.

संशोधन

शरीरात एका ठिकाणी झालेली रक्ताची गुठळी सुटून प्रवाहाबरोबर दूरची वाहिनी बंद करते, हे त्यांनी दाखवून दिले. मेंदूची रोहिणी अशा प्रकारे बंद झाल्यास पक्षाघात होतो. १८५१ मध्ये त्यांनी मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवतीच्या पोकळीचे वर्णन केले. ही पोकळी आज फिरखो–रोबँ अवकाश म्हणून ओळखली जाते. चेतापेशींना आधार देणाऱ्या ऊतीला त्यांनी ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. पेशीविकृतिविज्ञानावरील त्यांची वीस व्याख्याने १८५८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. निअँडरथल मानवाचा सांगाडा त्यांनी रोगग्रस्त आधुनिक माणसाचा मानला होता. जंतू हेच रोगाचे पुरेसे कारण आहे, हेही त्यांना मान्य नव्हते.

वारसा

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भित्तीत अंतःस्तर पेशी, त्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशी, अरेखित स्नायुपेशी व तंतुजनक पेशी असतात. निरोगी व रोगग्रस्त वाहिन्यांतील अशा एकेका पेशीत कोणती जनुके कार्यरत आहेत, हे आता तपासता येते. रोग नेमका कोणत्या पेशीत आहे, हा फिरखो यांचाच प्रश्न या संशोधनाच्या मुळाशी आहे.

जानेवारी १९०२ मध्ये ट्रामगाडीतून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यानंतर काही महिन्यांनी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.