जानकी अम्माल
एडवलेत कक्काट जानकी अम्माल (४ नोव्हेंबर १८९७ – ७ फेब्रुवारी १९८४) या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पेशीआनुवंशिकीतज्ज्ञ होत्या. ऊस, ज्वारी, मॅग्नोलिया आणि इतर अनेक वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या व त्यांचे पेशीविभाजनातील वर्तन हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी तयार केलेला लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा संदर्भग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

बालपण आणि शिक्षण

जानकी अम्माल यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील मलबार जिल्ह्यात तेल्लिचेरी (आताचे थलसेरी, केरळ) येथे एका तिय्या कुटुंबात झाला. वडील ई. के. कृष्णन हे तेथे न्यायाधीश होते. त्यांना वनस्पती व पक्षी यांची मनापासून आवड होती आणि घर भावंडांनी भरलेले होते. बहिणींची लग्ने होत असताना जानकी यांनी शिक्षणाचा मार्ग धरला आणि त्या आयुष्यभर अविवाहित राहिल्या. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजातून पदवी घेतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातून वनस्पतिशास्त्रात ऑनर्स पदवी मिळवली. त्यानंतर त्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागल्या.

आशियाई स्त्रियांसाठी असलेली बार्बर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या. तेथे पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्या मद्रासला परतल्या व पुन्हा मिशिगनला जाऊन १९३१ मध्ये त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री समजल्या जातात.

निकॅन्ड्रावरील संशोधन

डी.एस्सी.च्या प्रबंधासाठी त्यांनी निकॅन्ड्रा फायसॅलॉइडिस ही वांगे-टोमॅटोच्या कुळातील वनस्पती निवडली होती. सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्र उभे दुभंगते आणि दोन्ही नव्या पेशींना मूळ संख्या जशीच्या तशी मिळते. अर्धगुणसूत्री विभाजनात समजात गुणसूत्रे जोडीने एकत्र येतात, मग विलग होतात आणि परागकण व अंडपेशी यांच्या वाट्याला निम्मी संख्या येते. निकॅन्ड्रात या नियमाला एक मनोरंजक अपवाद आढळतो. तिच्यातील एका लहान गुणसूत्राच्या दोन्ही भुजा एकसारख्या असतात. हे गुणसूत्र विभाजनाच्या वेळी कधीकधी मागे रेंगाळते आणि हरवते. परिणामी एकाच झाडापासून २० गुणसूत्रांची आणि १९ गुणसूत्रांची अशी दोन प्रकारची बीजे तयार होतात. एक गुणसूत्र कमी असलेली बीजे उशिरा रुजतात.

अम्माल आणि डार्लिंग्टन यांनी १९४५ मध्ये या वर्तनाचा अर्थ लावला. सगळी बीजे एकाच वेळी उगवली आणि हंगाम प्रतिकूल निघाला, तर सगळीच जातात. काही बीजे मागे राहिली, तर वंश टिकतो. विभाजनातली चूक वाटणारी गोष्ट वनस्पतीच्या उपयोगाची ठरू शकते, हा त्या काळी नवा विचार होता.

कोइमतूर : उसाची गुणसूत्रे

त्रिवेंद्रमच्या महाराजा विज्ञान महाविद्यालयात १९३२ ते १९३४ या काळात अध्यापन केल्यावर अम्माल कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत दाखल झाल्या. जाड, रसाळ व गोड ऊस उष्ण कटिबंधातील सॅकॅरम ऑफिसिनॅरम या जातीचा. तो उत्तर भारताच्या हवामानात तग धरत नसे. नदीकाठी माजणारे कांस (सॅकॅरम स्पॉन्टेनियम) हे रानगवत मात्र थंडी, पाणथळ जमीन व रोग सोसणारे होते. या दोघांचा संकर करून सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी अम्माल येण्याच्या आधीच को २०५ हा वाण काढला होता.

या संकरातील आकडेमोड सरळ नाही. ऑफिसिनॅरम उसात ८० गुणसूत्रे असतात. वापरलेल्या कांसात ६४ होती. दोन्हींकडून निम्मी आली असती, तर संकरात ७२ भरली असती. पण को २०५ मध्ये ११२ आहेत. याचे कारण असे की या संकरात मातेकडून निम्म्याऐवजी पूर्ण ८० गुणसूत्रे येतात व पित्याकडून ३२. ही गोष्ट जावातील डच संशोधक ब्रेमर यांनी दाखवली होती. त्यातच कांसाची संख्या ठिकाणागणिक बदलते. ४० पासून १२८ पर्यंत गुणसूत्रे असलेले प्रकार ज्ञात आहेत. म्हणून कोणते रानगवत संकरासाठी घ्यावे हे केवळ बाह्यरूप पाहून ठरवता येत नाही. अम्माल यांनी भारताच्या विविध भागांतील कांस गोळा करून त्यांच्या गुणसूत्रांची मोजणी केली. उसाचा मका, ज्वारीवर्गीय गवते, एरिॲन्थस आणि इम्पेराटा यांच्याशी संकर घडवून त्यांतील गुणसूत्रेही त्यांनी अभ्यासली. ऊस आणि मका यांच्या संकराविषयीची त्यांची टिपणी १९३८ मध्ये नेचर या नियतकालिकात आली.

१९३५ मध्ये सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीने त्यांना फेलो म्हणून निवडले. तरीही एकट्या, अविवाहित आणि मागास मानल्या गेलेल्या जातीतील स्त्रीला त्या काळच्या वैज्ञानिक वर्तुळात भेदभाव सोसावा लागला.

इंग्लंडमधील वर्षे

ऑगस्ट १९३९ मध्ये एडिंबरा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेसाठी त्या गेल्या असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाल्याने त्या इंग्लंडमध्येच राहिल्या आणि १९४० ते १९४५ या काळात जॉन इनेस संस्थेत साहाय्यक पेशीविज्ञ म्हणून त्यांनी काम केले. रात्री बॉम्बहल्ला झाला की पलंगाखाली आसरा घ्यायचा आणि सकाळी फळ्यांवरच्या काचा झाडून काम पुढे चालू करायचे, असा त्यांचा क्रम होता.

१९४० मध्ये त्यांनी ज्वारीच्या एका रानटी नातलगाविषयी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. सॉर्घम परप्युरिओ-सेरिसियम या गवताच्या काही झाडांत नेहमीच्या गुणसूत्रांखेरीज जादा लहान गुणसूत्रे असतात. ती खोड व परागकोशात टिकतात, पण मुळांत नाहीशी होतात. गुणसूत्रे सहसा मुळांच्या टोकांत मोजली जातात, कारण तेथील पेशी सतत विभागत असतात. या गवतात मात्र फक्त मुळे तपासणाऱ्याला जादा गुणसूत्रांचा पत्ताच लागत नाही. एका वनस्पतीच्या सर्व पेशींत संख्या सारखी असते, हे गृहीतक त्यामुळे सैल पडले.

१९४५ च्या संदर्भग्रंथात डार्लिंग्टन आणि अम्माल यांनी जगभर विखुरलेल्या मोजण्या एकत्र केल्या. पिके, फळझाडे आणि बागेतील झाडे यांच्या गुणसूत्रसंख्या त्यांच्या मूळ प्रदेशांसह मांडल्यामुळे पिकांचा उगम शोधणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग झाला. सपुष्प वनस्पतींपुरती व्याप्ती वाढवलेली आवृत्ती १९५५ मध्ये डार्लिंग्टन यांनी ए. पी. वायली यांच्यासह काढली.

१९४५ पासून १९५१ पर्यंत अम्माल विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत पेशीविज्ञ होत्या. तेथे त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसीनचा प्रयोग केला. कोल्चिसीन पेशीतील तर्कूतंतू बनू देत नाही. गुणसूत्रे दुभंगतात, पण पेशी विभागत नाही आणि संख्या दुप्पट होते. (आपल्याकडील कळलावीतही हे द्रव्य असते.) त्यांनी वाढवलेल्या मॅग्नोलिया कोबसच्या एका प्रकाराला त्यांचे नाव दिलेले आहे.

भारतात पुनरागमन

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून त्या १९५१ मध्ये भारतात परतल्या. १८९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेसाठी १९५२ मध्ये त्यांची विशेष अधिकारी म्हणून नेमणूक झाली. या पुनर्रचनेतून प्रादेशिक मंडळे निर्माण झाली. पश्चिम मंडळाचे कार्यालय पुण्यात आहे. भारतीय वनस्पतींचे नमुने परदेशी संग्रहालयांत जावेत आणि त्यांचा अभ्यासही तिकडेच व्हावा, हे त्यांना मान्य नव्हते. सर्वेक्षणाचे नेतृत्व मात्र त्यांच्याऐवजी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील एच. संतापाव यांच्याकडे गेले. अम्माल यांना ती आपल्या भूमिकेची हार वाटली. अलाहाबादच्या केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळेचे संचालकपद त्यांनी सांभाळले. पुढे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत आणि काही काळ मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही काम केले.

हिमालयातील वनस्पतींच्या मोजण्यांवरून त्यांनी असे मत मांडले की थंड व कोरड्या वायव्य हिमालयापेक्षा थंड व दमट ईशान्य भागात बहुगुणित वनस्पती अधिक आहेत आणि नव्या जाती घडण्याचा वेगही तेथे जास्त आहे. शिलाँगपासून दूरवर मॅग्नोलिया ग्रिफिथी या झाडाच्या शोधात त्या गेल्या, तेव्हा ते जाळून टाकलेले आढळले. १९५५ मध्ये प्रिन्स्टन येथे मानवाने पृथ्वीच्या स्वरूपात घडवलेल्या बदलांविषयी परिसंवाद झाला. त्यासाठी निमंत्रित झालेल्या त्या एकमेव स्त्री होत्या. भारतातील निर्वाहशेती आणि आदिवासींचे वनस्पतिज्ञान यांविषयी त्यांनी तेथे मांडणी केली.

सायलेंट व्हॅली आणि अखेरची वर्षे

१९७० पासून त्या मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात मानद शास्त्रज्ञ म्हणून काम करू लागल्या आणि मदुरवॉयल येथील क्षेत्रीय प्रयोगशाळेजवळ राहू लागल्या. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केरळातील कुंतीपुळा नदीवर धरण बांधण्याच्या योजनेमुळे सायलेंट व्हॅलीचे सदाहरित जंगल पाण्याखाली जाण्याची वेळ आली, तेव्हा त्या विरोधात उतरल्या. वयाची ऐंशी वर्षे गाठल्यावरही त्यांनी तेथील वृक्षांच्या गुणसूत्रांचे सर्वेक्षण हाती घेतले. जी झाडे बुडणार होती त्यांची नोंद आधी व्हावी, असा त्यामागे हेतू होता. १९८३ मध्ये योजना रद्द झाली. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मदुरवॉयल येथे अम्माल यांचे निधन झाले. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.